सेनासाहेबसुभ्यांची तट्टे

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपुरात वारले. पोटी मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क मानला नाही आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे महाल भागातल्या वाड्याची मालमत्ता बाहेर निघाली, तशी भोसल्यांची जनावरेही निघाली. त्यांचा जाहीर लिलाव सीताबर्डीवर झाला.

या लिलावाचा आकडा जॉन विल्यम के याने आपल्या १८५७च्या उठावाच्या इतिहासात दिला आहे. पाचशे ते सहाशे हत्ती, उंट, घोडे आणि बैल मिळून तेराशे पौंड. त्या काळचा पौंड दहा रुपयांचा धरला तर तेरा हजार रुपये होतात. म्हणजे जनावरामागे सरासरी बावीस ते सव्वीस रुपये, आणि या सरासरीत हत्तीही आले. वाड्यातल्या राण्यांनी कमिशनरकडे निषेध नोंदवला आणि गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला. ४ सप्टेंबरला जनावरांची विक्री सुरू झाली आणि छकड्याची एक चांगली बैलजोडी अवघ्या पाच रुपयांना गेली, असे त्या अर्जात त्यांनी इंग्रजीत लिहून कळवले.

अर्जात बैलांची किंमत आली. घोड्यांची आली नाही. हत्ती, उंट, घोडे, बैल या यादीत घोडा हा नुसता एक शब्द आहे. त्याची उंची, रंग, जात, वय यांपैकी काहीही नाही. ज्या घराण्याने वऱ्हाडापासून ओडिशापर्यंतचा मुलूख घोड्यांच्या पाठीवरून मिळवला, त्याच्या शेवटच्या घोड्यांची नोंद एवढीच. म्हणून हा घोडा कागदोपत्री जिथे जिथे सापडतो तिथून वेचून पुन्हा उभा करणे मला आवश्यक वाटते. नागपूरच्या राजवटीचा इतिहास आपण गादीवरचे वारस, तह आणि लढाया यांच्या आधारे लिहिला. ती राजवट ज्या जनावराच्या दमावर चालली, त्याला त्यात ओळीभरही जागा मिळालेली नाही.

कागद मात्र थोडके नाहीत. नाना फडणविसांच्या मेणवलीच्या दप्तरातली नागपूरविषयक मराठी पत्रे त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९५४ आणि १९५९ साली दोन खंडांत छापली. त्याआधी या. मा. काळे यांनी पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारातला नागपूरचा खंड १९३८ साली संपादित केला होता. बंगालच्या स्वाऱ्यांबद्दल बंगाली आणि संस्कृत अशा दोन समकालीन काव्यरचना आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांची टिपणे, अहवाल आणि आठवणी तर भरपूर. या सगळ्यांत घोडा आहे, पण तो संख्येच्या रूपात. वकील लिहितो तो फौज किती हजार निघाली, कुठे मुक्काम पडला, स्वारांचे किती महिन्यांचे देणे थकले. घोडा कसा होता हे लिहिण्याचे त्याला कारणच नव्हते; पत्र वाचणाऱ्याला तो माहीत होता. वर्णन करतात ते बाहेरचे: बंगाली पंडित, फिरंगी कप्तान. त्यामुळे घरच्या कागदांतून घोड्याचा खर्च आणि व्यवस्था घ्यायची, आणि परक्यांच्या कागदांतून त्याचे रूप आणि चाल घ्यायची, असा दुहेरी धागा धरावा लागतो.

पहिला धागा घराण्याच्या गावात मिळतो. नागपूरकर भोसले हे मूळचे हिंगणीकर. हिंगणी बेर्डी हे गाव आजच्या पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, भीमेच्या काठचे. साताऱ्याकडचे देऊरही त्यांच्याकडे होते. परसोजी आणि कान्होजी यांच्या काळात वऱ्हाडात, यवतमाळकडच्या भामला, ठाणे बसले. पुढे कान्होजीला बाजूला सारून रघूजी पुढे आला आणि १७४०च्या दशकात देवगडच्या गोंड राजांच्या घरातल्या भांडणात शिरून त्याने नागपूर आपले केले. म्हणजे सेनासाहेबसुभा हे पद धारण करणारे हे घराणे ज्या पट्ट्यातून उठले, तो पट्टा म्हणजेच भीमथडी. बारामती तालुक्याचे नावही इंग्रजी अमदानीत बराच काळ भीमथडी असेच होते.

या भीमथडीचे घोडे प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी लेखनात त्यांचे वर्णन जवळजवळ ठरलेले आहे: मध्यम बांधा, अंगाने मजबूत, दिसायला बरे, रंग बहुधा गडद तांबूस आणि पाय काळे. आपल्याकडचा जुना घोडेवाला याला कुमाईत म्हणेल. ग्रँट डफनेही नीरा आणि माण या नद्यांच्या काठची पैदास लहान पण काटक म्हणून नावाजली आहे. आजच्या मोजमापात १४.२ मुठींच्या, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटरच्या खालचा घोडा तट्टू ठरतो. त्या मापाने मराठ्यांच्या फौजेतली बहुसंख्य जनावरे तट्टेच होती. मराठ्यांच्या घोडदळाचे चित्र काढताना आपण त्यांना उंच, लांब मानेच्या, कमानदार घोड्यांवर बसवतो. पुतळ्यांतही तेच करतो. कागद तसे सांगत नाहीत.

हे जनावर मुद्दाम आखलेल्या अश्वशाळेत घडलेले नव्हते. कोकणच्या बंदरांतून येणारे अरबी घोडे, उत्तरेतून आणि अफगाण बाजूने येणारे तुर्की रक्ताचे घोडे, आणि देशावरची मूळची बुटकी घोडी, यांचा अनेक पिढ्यांचा मिलाफ होता. पाटलाच्या, शिलेदाराच्या दारात एखाददुसरी घोडी असे. शिंगरू नदीकाठच्या गवतावर वाढे. मोठे हाड पोसण्याइतका चारा त्या कोरड्या मुलखात नव्हताच. कमी खाऊन जास्त चालणारे जनावर तेवढे टिकले. पावसाच्या छायेतल्या त्या प्रदेशाने ही जात घडवली आणि युद्धाच्या मागणीने ती जोपासली.

नागपूरच्या पागेत सगळी भीमथडीच होती, असे मी म्हणणार नाही. रघूजीच्या फौजेत वऱ्हाडची, गोंडवनातली, लुटीत आणि बाजारात मिळालेली सर्व तऱ्हेची जनावरे असणार. परंतु ज्या शिलेदारांना घेऊन घराणे पूर्वेकडे सरकले, ते भीमा, नीरा, कृष्णा या खोऱ्यांतलेच, आणि शिलेदार हा व्याख्येनेच स्वतःच्या घोड्यासकट येणारा माणूस. घराण्याबरोबर ही पैदास नागपुराकडे आली असे अनुमान मी एवढ्यावर करतो, आणि ते पक्क्या पायावर आहे असे मला वाटते.

शिलेदार आणि बारगीर हा भेद इथे नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण लढाईची रीत त्यातून ठरली. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा मेला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. तो पडला तर स्वाराची रोजीही पडली. अशा फौजेने समोरासमोर तोफांवर धावून जावे अशी अपेक्षा करणे म्हणजे कुणब्याला त्याचा एकुलता बैल आगीत लोटायला सांगण्यासारखे होते. हूल देणे, रसद तोडणे, रात्रीतून लांब पल्ला मारून दुसरीकडे उगवणे या गनिमी रीतीमागे घोड्याच्या मालकीचा हिशोबही होता. इंग्रज लेखक त्याला भित्रेपणा म्हणून मोकळे झाले. सभासदाच्या बखरीत मात्र हा विचार राज्यकर्त्याच्या बाजूने आलेला दिसतो: पागा बळकट असावी, शिलेदार पागेच्या दाबाखाली राहावेत, म्हणजे कोणाला बंड करायला जागा उरत नाही.

त्याच बखरीत पागेची जी रचना दिली आहे, ती घोड्याच्या दृष्टीने वाचून पाहावी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. हिशोब केला तर हजारी म्हणजे साडेबाराशे घोडे, त्यांच्यामागे पन्नास नालबंद आणि पन्नास पखाली. दगडाळ मुलखात नाल निघाले की घोडा लंगडतो आणि लंगडा घोडा म्हणजे पायउतार स्वार. लांब मजलेत पाणी चुकले की पोटशूळ. ही योजना करणाऱ्याला घोड्याचे दुखणे कुठून सुरू होते हे ठाऊक होते. रचना शिवकालातली असली तरी पागा, हवालदार, जुमला, नालबंद ही चौकट पुढच्या सगळ्या मराठी सरदारांनी उचलली. नागपूरकरांची पागाही त्याच घडणीची.

शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना गेलेले पत्र प्रसिद्धच आहे. सहसा ते रयतेच्या भाजीच्या देठासाठी सांगितले जाते. मला ते पागेचा दस्तऐवज म्हणून वाचावेसे वाटते. पावसाळ्याची छावणी पडली आहे, दाणा आणि गवत कष्टाने जमवून कोठारात भरले आहे. महाराज बजावतात की आताच मनास येईल तसे चारू लागलात तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, कोणाचे धान्य आणाल, कोणाची भाकर, कोणाचे गवत. पुढे गवताच्या गंजीजवळ आगट्या नकोत, रात्री दिवा जळता ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल, आग लागेल, पागा बुडेल. राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावरचा राजा उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो, कारण एक गंजी जळाली तर दसऱ्याला स्वारी निघत नाही.

दसरा ते पावसाळ्याचा आरंभ हे स्वारीचे आठ महिने, आणि उरलेले चार घोड्याला पुन्हा अंगावर आणण्याचे. पागेतला दिवस असा चाले: मोतद्दार पहाटे खरारा करी, पुढच्या पायांची आगाडी आणि मागच्या पायांची पिछाडी मेखांना बांधलेली असे, चंदी तोबऱ्यातून मिळे. चंदी म्हणजे भिजवलेला हरभरा किंवा हुलगा. दौडीवर असताना तोबरा खोगिराला लटकलेला असे आणि जिथे उतरतील तिथे मिळेल ते हिरवे पीक कापून घोड्यापुढे टाकले जाई. कोणाचे पीक, हा प्रश्न त्या कापणीत विचारला जात नसे. फौज ज्या मुलखातून गेली त्याला तिचा घोडा आधी लक्षात राहिला याचे कारण हेही आहे.

बंगालला तो लक्षात राहिला. १७४२ साली रघूजीचा दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठी बंगालात उतरला. बर्दवानजवळ त्याने नवाब अलिवर्दीखानाची कोंडी केली. पुढे मराठ्यांना येऊन मिळालेल्या मीर हबीबच्या सल्ल्याने निवडक स्वारांनी रातोरात दौड मारून मे महिन्याच्या आरंभी मुर्शिदाबादेची वेस गाठली आणि जगतशेठच्या पेढीवर हात मारला. नवाब राजधानीत पोहोचेपर्यंत स्वार निघूनही गेले होते. त्यानंतरचे दशक बंगालला ‘बर्गी’, म्हणजे बारगीर, या नावाने आठवते. गंगाराम नावाच्या कवीने १७५१च्या सुमारास लिहिलेल्या ‘महाराष्ट्रपुराणा’त जाळलेल्या गावांची नावेच्या नावे आहेत. माणसांच्या, विशेषतः बायकांच्या, जे वाट्याला आले तेही त्यात आहे. मराठी वाचकाने ते वाचले पाहिजे. आपल्या घोड्यांची कीर्ती सांगताना त्यांच्या टापांखाली काय आले हे वगळणे इतिहासाला धरून होणार नाही.

घोड्याबद्दल नेमके बोलतो तो बर्दवानच्या दरबारातला पंडित बाणेश्वर विद्यालंकार. त्याचे ‘चित्रचंपू’ हे संस्कृत काव्य १७४४चे, म्हणजे घटनेच्या अगदी लगतचे. मराठ्यांचे मुख्य बळ म्हणजे त्यांचे विलक्षण वेगवान घोडे. ते एका दिवसात शंभर योजने जातात आणि लढाई अंगावर आली की गुपचूप दुसरीकडे निघून जातात, असा त्याचा आशय आहे. योजन म्हणजे चार कोस. शंभर योजने म्हणजे चारशे कोस, जवळजवळ नागपूर ते मुर्शिदाबाद, एका दिवसात. हे अशक्य आहे, पण म्हणून कागद टाकाऊ ठरत नाही. पळणाऱ्या माणसाला ते अंतर कसे भासले, याचे ते माप आहे.

खरे माप मिळवायला सत्तर-ऐंशी वर्षे पुढे, पेंढाऱ्यांकडे यावे लागते. जॉन माल्कमने १८२३च्या आपल्या माळव्यावरील ग्रंथात त्यांच्या दौडीचे वर्णन केले आहे: तंबू नाही, सामान नाही, स्वाराजवळ थोड्या भाकरी आणि घोड्यापुरते थोडे दाणे, आणि रोजचा पल्ला चाळीस ते पन्नास मैलांचा. म्हणजे वीस ते पंचवीस कोस. त्या काळच्या एका इंग्रजी लष्करी टिपणात हजार पेंढाऱ्यांची फोड केलेली आहे; त्यांतले चारशेच बऱ्यापैकी घोड्यांवर, उरलेले सहाशे तट्टांवर आणि हाताला लागेल त्या हत्याराने. तरीही सगळा जमाव एका वेगाने जाई. पंचवीस कोसांची दौड एखादा उंची घोडाही मारील. पण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रानातल्या चाऱ्यावर ती पुन्हा मारणे हे तट्टाचे काम. बाणेश्वराच्या शंभर योजनांतून अतिशयोक्ती वजा केली की खाली हा अखंड दम उरतो.

त्या तट्टाला एक गोष्ट मात्र रोखत असे, ती म्हणजे खोल पाणी. बंगालातली बर्गींची दहशत बहुतांशी भागीरथीच्या पश्चिमेला राहिली आणि लोक जीव घेऊन नदीच्या पूर्वेला गेले. कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला तोही घोड्याला अडवण्यासाठी. भास्कररामाने पावसाळ्यात कटव्याला, अजय आणि भागीरथीच्या संगमाजवळ छावणी केली, म्हणजे घरी जी चार महिन्यांची विश्रांती घोड्यांना मिळे ती परमुलखात द्यावी लागली. सप्टेंबर अखेरीस दुर्गापूजेच्या दिवसांत अलिवर्दीने नदी ओलांडून या छावणीवर छापा घातला आणि मराठे उधळले. तरी पुढच्या वर्षी ते परत आले. १७४४च्या मार्चअखेर मानकरा या ठिकाणी भेटीस बोलावून अलिवर्दीने भास्कररामाला दग्याने मारले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१च्या तहात नवाबाने बंगालच्या चौथाईचे बारा लाख रुपये वर्षाला कबूल केले आणि ओडिशा व्यवहारात नागपूरकरांकडे आला.

ज्या जनावराने हे मिळवले त्याची मर्यादा नागपूरच्याच वेशीवर उघड झाली. नोव्हेंबर १८११मध्ये पेंढारी थेट नागपूरपर्यंत आले आणि शहराबाहेरची एक वस्ती त्यांनी जाळली. भोसल्यांचीच युद्धरीत, भोसल्यांच्याच जातीची तट्टे, आणि समोर भोसल्यांची राजधानी. दुसऱ्या रघूजीकडे हजारो स्वार होते. पण देणे थकलेल्या फौजेचे शिलेदार आपला घोडा कोणासाठी दामटणार?

मे १८१६मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. त्यात नागपूरने तीन हजार स्वार आणि दोन हजार पायदळ सज्ज ठेवावे, असे कलम होते. दीड वर्षात तह मोडला आणि २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला सीताबर्डीची लढाई झाली. दोन टेकड्यांवर रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सची लहानशी फौज, आणि सभोवार आप्पासाहेबांचे स्वार, पायदळ, अरब. सकाळी धाकटी टेकडी अरबांनी जिंकली. भोसल्यांचे घोडदळ संख्येने कितीतरी जास्त, पण टेकडीवर चढून तोफा घेणे हे त्याचे काम नव्हते. ते घेरा घालून उभे राहिले. उलट कॅप्टन फिट्झगेराल्डने सहाव्या बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन मैदानात मुसंडी मारली, दोन तोफा हिसकावल्या आणि त्या भोसल्यांच्याच लोकांवर फिरवल्या. कंपनीची मेलेली आणि जखमी माणसे ३६७ होती. तरी दिवस तिचा झाला.

इथे घोड्याचा फरक होता का? होता, पण अर्धाच. कंपनीच्या घोडदळाला उंच, जड घोडे हवे असत. एका ओळीत, गुडघ्याला गुडघा लावून शत्रूवर आदळणे हा त्याचा डाव, आणि त्यासाठी जनावराचे वजन लागते. बिहारात पुशाला कंपनीने त्यासाठी अश्वपैदास केंद्र चालवले. त्याचा अधीक्षक विल्यम मूरक्रॉफ्ट चांगल्या वळूंच्या शोधात लडाखमार्गे थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५ साली परतीच्या वाटेवर अफगाण मुलखात मेला. कंपनीच्या दृष्टीने दख्खनचे तट्टू लढाऊ घोडाच नव्हते. मुंबई इलाख्यात शिरूरजवळ आळेगावला तिने पैदास केली तीही मोठ्या घोड्याच्या हव्यासाने. सीताबर्डीला मात्र तट्टांचा पराभव झाला असे मी मानत नाही. ज्या फौजेची सारी ताकद जागा बदलण्यात, तिला दोन टेकड्यांभोवती अठरा तास उभे केले. रसद तोडायला वेळ नव्हता, पल्ला मारायला दिशा नव्हती. दोष जनावराला लावण्याआधी त्याला जिथे उभे केले ती जागा पाहावी.

त्यानंतर नागपूरच्या तट्टाचा शेवट सावकाश झाला. जेंकिन्सच्या कारभारात फौज छाटली गेली. त्याने १८२७ साली नागपूर संस्थानाचा जो सविस्तर अहवाल दिला, त्यातला मुलूख हा शेतसाऱ्याचा मुलूख आहे, स्वारीचा नाही. पैदाशीला जिवंत ठेवणारी मागणी अशी एकेक सरकत गेली. शिलेदाराला नेमणूक नाही तर तो घोडी कशाला पोसील? १८५४च्या खालशानंतर उरलेली पागाही गेली, आणि सीताबर्डीच्या त्या लिलावात सरकारी घोड्यांची शेवटची खेप बाजारभावाच्या खाली विकली गेली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली.

विदर्भात तट्टाची जागा घेतली ती बैलाने. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ बैल हलका, पांढरा, पायाने तल्लख. मराठ्यांच्या फौजेची सामानसुमानाची वाहतूक जलद व्हावी म्हणून ही जात जोपासली गेली, अशी पशुपैदाशीच्या ग्रंथांतली नोंद आहे. म्हणजे तट्टू आणि गवळाऊ एकाच फौजेच्या गरजेतून वाढलेले. फौज संपल्यावर गवळाऊला शेती होती, रेंगी होती, शंकरपट होता. मालगुजार बाजाराला निघाला तर बैल जुंपून निघे आणि तेच बैल सोमवारी वखराला जुंपता येत. तट्टाला औत ओढता येत नाही. शेतकऱ्याच्या दावणीला वर्षभर खाऊन फक्त बसायला उपयोगी पडणारे जनावर परवडत नाही, आणि याच साध्या हिशोबाने नागपूर प्रांतातून घोड्याची घरगुती पैदास उठली. शहरात टांग्याला घोडा राहिला, तोही रिक्षा येईपर्यंत.

इतर तट्टांचे नशीब पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. हिमाचलाच्या स्पितीला आणि लडाखच्या झंस्कारीला डोंगरवाटांवर ओझे वाहायचे काम राहिले, मणिपुरीला पोलोचे मैदान राहिले, म्हणून त्या जाती नावानिशी टिकल्या. काम उरले की जात उरते. आपल्याकडे माथेरानला मोटारीला बंदी असल्यामुळे घोडा आजही माणसे आणि सामान वाहतो. आणि देशावर, भीमेच्या मूळ खोऱ्यात, तट्टाला धनगरांनी ठेवले. मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा दुसऱ्या चराईकडे निघालेला वाडा पाहिला तर सगळा संसार तट्टाच्या पाठीवर असतो: वाकळा, भांडी, जाळी, कोंबड्यांची खुराडी, वर एखादे तान्हे पोर. ओझे दोन्ही अंगांना समतोल पडेल असे बायका बांधतात. चारा वाटेवरचा, मुक्काम रोज नवा, पल्ला रोजचा. फौजेत त्याने केलेले काम हेच होते. फक्त पाठीवर भालाईत नाही.

जानेवारी २०२४मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही देशातली आठवी. तोपर्यंत सरकारी कागदात तिला नाव नव्हते. पशुगणनेत हे तट्टू ‘अवर्णित’ या रकान्यात जात असे. नोंदणी वेळेवर आली असे म्हणवत नाही. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातले घोडे आणि तट्टे सव्वासहा लाखांवरून साडेतीन लाखांच्याही खाली आली.

नागपूरच्या बाजूने मात्र एक काम बाकी आहे आणि ते करता येण्यासारखे आहे. भोसल्यांच्या सरदारांच्या, मानकऱ्यांच्या वंशजांच्या घरी मोडी रुमाल अजून आहेत. त्यांत पागेच्या चंदीचे हिशोब, नालबंदाचे देणे, घोडी विकल्याच्या पावत्या, रंग आणि खुणा लिहिलेल्या स्वारांच्या हजेऱ्या असणे स्वाभाविक आहे, कारण प्रत्येक पागेला असे कागद ठेवावेच लागत. अभ्यासक असे रुमाल उघडतात ते सनदा आणि वतनपत्रे शोधायला, आणि हिशोबाचे बंद बाजूला ठेवतात. ते बंद आता वाचले पाहिजेत. कुमाईत किती, अबलख किती, पंचकल्याणी किती, कोणते शिंगरू नीरेकाठचे आणि कोणते वऱ्हाडचे, हे एकदा मांडले की हिंगणीहून नागपूरला घोडे आले का, या प्रश्नाचा निकाल लागेल.